धर्मनिर्णयाचा अधिकार

ज्या समाजाने आपला शनिवार, आपली सुंता, आपले उपवास आणि आपले अन्नविषयक विधिनिषेध कोणत्याही रब्बीच्या साहाय्यावाचून, केवळ घराच्या आणि गावाच्या स्मृतीवर शतकानुशतके जतन केले, त्याच समाजाला स्वतःच्या धर्मबांधवांच्या राष्ट्रात पाऊल ठेवल्यावर, तुमच्या पूर्वजांचे विवाह कोणी लावले आणि त्यांच्या सोडचिठ्ठ्या कोणत्या अधिकाऱ्याने लिहिल्या, असा जाब विचारला जावा, ही घटना आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून गेलेल्या बेने इस्रायल यहुद्यांच्या बाबतीत १९६० नंतरच्या काही वर्षांत घडली; आणि रब्बी होण्यास, किंवा व्यापक अर्थाने कोणत्याही धर्माचा अधिकारी पुरुष होण्यास, मनुष्याच्या अंगी काय असावे लागते, या प्रश्नाचा विचार करण्यास मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रसंग थोडक्यात असा. इस्रायलच्या प्रधान रब्बिनेटने १९६१ साली बेने इस्रायलांशी विवाहसंबंध करण्यास तत्त्वतः प्रत्यवाय नाही असा निर्णय दिला खरा, परंतु लगेच पुढील वर्षी विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींना जी सूचनापत्रे धाडण्यात आली, त्यांत बेने इस्रायल वधूवरांच्या मातृकुळाची चौकशी आईपासून आजीपर्यंत, आणि तेथून मागे जितके जाता येईल तितके जाऊन करावी, कोणा पूर्वजाने सोडचिठ्ठीनंतर पुनर्विवाह केला होता काय हे तपासावे, आणि संशय उरल्यास प्रकरण धर्मन्यायालयाकडे पाठवावे, असे फर्माविण्यात आले. पेण, रेवदंडा, पनवेल येथून आलेल्या कष्टाळू माणसांना हा अपमान सोसवेना. त्यांनी निदर्शने केली, धरणे धरले, आणि अखेरीस १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेला खास अधिवेशनात हा समाज सर्वार्थाने यहुदीच आहे असे जाहीर करावे लागले. त्याच वर्षी सूचनापत्रातून या समाजाचा नामनिर्देशही वगळण्यात आला. या साऱ्या वादाच्या मुळाशी यहुदी धर्मशास्त्रातील एक खरीखुरी अडचण होती, आणि ती समजून घेतल्यावाचून रब्बिनेटला दोष देणे किंवा तिची बाजू घेणे दोन्ही अन्यायाचे होईल.

रब्बी हा पुरोहित नव्हे. यरुशलेमच्या मंदिरात बलिविधी करण्याचा अधिकार कोहेन घराण्यांकडे जन्माने आलेला होता, आणि ते मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केल्यावर त्या अधिकाराला कार्यच उरले नाही. त्यानंतर यहुदी धर्मजीवनाची धुरा ज्यांनी उचलली, ते कुळाने नव्हे तर अध्ययनाने मोठे झालेले लोक होते. परंपरेप्रमाणे त्यांतील अकिबा चाळीस वर्षांचा होईतो निरक्षर मेंढपाळ होता. योहानान हा चर्मकार होता आणि त्याचा व्यवसायच त्याच्या नावाला कायमचा जोडला गेला आहे. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष जमले म्हणजे त्यांतील कोणीही जाणता मनुष्य पुढे उभा राहू शकतो, विवाहाला शास्त्राने मागितलेले आहेत ते दोन साक्षीदार, प्रेताला मूठमाती देण्यास आणि शोकाकुल घरी जाऊन बसण्यास तर कोणत्याच सनदेची आवश्यकता नाही. मग रब्बी हवा कशाला? तो हवा निर्णयासाठी. अमुक मांस ग्राह्य की अग्राह्य, अमुक करार बंधनकारक की नाही, आणि सर्वांत नाजूक म्हणजे अमुक स्त्री आपल्या पूर्वपतीपासून विधिवत मुक्त झाली की नाही, हे सांगण्याचा अधिकार ज्याला आहे तो रब्बी.

यहुदी सोडचिठ्ठी हा दस्तऐवज बारा ओळींत लिहावा लागतो. त्यात पतिपत्नींची नावे, त्यांची लोकांत रूढ असलेली उपनावे, ज्या गावी तो लिहिला गेला त्या गावाचे नाव, आणि ते गाव ज्या नदीकाठी किंवा ज्या झऱ्यांवर वसले आहे त्यांची नावे अचूक वर्णलेखनासह यावी लागतात. अक्षराचा एक फरक झाला तरी लेख रद्द ठरण्याचा संभव असतो. लेख रद्द ठरला म्हणजे स्त्री विवाहितच राहिली, आणि तिने पुढे दुसरा संसार थाटून त्यात मुले झाली तर त्या मुलांवर आणि त्यांच्या वंशावर इतर यहुद्यांशी विवाह करण्याची बंदी येते. ज्याला विवाहाचे आणि घटस्फोटाचे शास्त्र अवगत नाही त्याने त्या व्यवहारात हात घालू नये, असा दंडक प्राचीन आचार्यांनी घालून दिला तो याच भयाने. आणि इस्रायलचे रब्बी कोकणाकडे संशयाने पाहत होते तेही याच भयाने, कारण जेथे रब्बीच नव्हता तेथे एखादी सोडचिठ्ठी गावच्या पंचांनी किंवा सरकारी न्यायालयाने दिली असल्यास तिची धर्मदृष्ट्या किंमत काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. प्रश्न खोटा नव्हता. त्याचे उत्तर देण्यास जे अंगी असावे लागते ते सर्व त्यांच्यापाशी होते काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

या अधिकाराची सनद कोण कोणाला देतो, याविषयीचा यहुदी इतिहास मोठा उद्बोधक आहे. मोशेने यहोशुआच्या मस्तकावर हात ठेवून आपला अधिकार त्याच्या स्वाधीन केला, आणि गुरूकडून शिष्याकडे अशीच ती परंपरा चालत राहिली, अशी श्रद्धा आहे. परंतु ही मूळची दीक्षा केवळ इस्रायलच्या भूमीतच देता येत असे, आणि रोमन सत्तेच्या उत्तरकाळात तेथील विद्यापीठे ओस पडल्यावर तिचा धागा तुटला. म्हणजे आज जगात जे रब्बी आहेत त्यांपैकी एकाच्याही हाती मोशेपासून अखंड चालत आलेला अधिकार नाही, आणि हे कोणी परका टीकाकार सांगत नसून खुद्द धर्मशास्त्रकारच सांगतात. १५३८ मध्ये सफेद नावाच्या नगरीत याकोब बेराब या पंडिताने तेथील पंचवीस विद्वानांना एकत्र करून ती दीक्षा पुनरुज्जीवित करण्याचा यत्न केला, तेव्हा यरुशलेमच्या लेवी इब्न हबीब यांनी त्यास असा कडवा विरोध केला की बेराबला देश सोडावा लागला. जाण्यापूर्वी त्याने ज्या चौघांना दीक्षा दिली त्यांत योसेफ कारो हे होते, ज्यांचा ‘शुल्हान आरूख’ हा आचारसंग्रह १५६५ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला आणि आजही ज्याच्यावर रब्बीपदाच्या उमेदवारांची परीक्षा होते. दीक्षेचा तो यत्न फसला आणि ग्रंथ मात्र सर्वमान्य झाला, यात मला मोठा अर्थ दिसतो: कारोंचा अधिकार त्यांच्या मस्तकावर ठेवलेल्या हातांतून आला नाही, तो त्यांच्या ग्रंथातून आला.

मध्ययुगात जर्मन प्रदेशांत जी नवी सनद रूढ झाली ती वस्तुतः एक दाखला आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नाच्या मेइर हलेवी यांनी, ज्याच्यापाशी गुरूचा लेखी दाखला नाही त्याने विवाह आणि घटस्फोटाच्या कामी निर्णय देऊ नये असा नियम घातला, तो अर्धवट शिकलेल्यांच्या हातून होणारे अनर्थ टाळावे म्हणून. दाखल्याचे मूळ असे लोकरक्षणात आहे हे विसरले जाते, आणि मग दाखला हीच विद्या आहे असे समजण्याची चूक होते. आजचा उमेदवार मांस आणि दूध यांचे नियम, शब्बाथचे नियम, शौचाशौच, सुतक इत्यादी प्रकरणे वर्षानुवर्षे घोकतो, गुरूंसमोर किंवा परीक्षामंडळासमोर बसतो, आणि त्याला प्रथम विधिनिषेध सांगण्याची व पुढे अधिक अध्ययनाअंती आर्थिक कज्ज्यांचा निवाडा करण्याची अनुज्ञा मिळते. ही शिस्त कठोर आहे, आणि ती तशीच असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना वाटते की अंतःकरण निर्मळ असले म्हणजे झाले, शास्त्राचे ओझे कशाला, त्यांनी बारा ओळींच्या त्या सोडचिठ्ठीचा आणि एका अक्षराने नासणाऱ्या तीन पिढ्यांच्या आयुष्याचा विचार करावा.

परंतु याच शास्त्रकारांनी एक सूक्ष्म तत्त्व सांगून ठेवले आहे, की ‘हे निषिद्ध आहे’ असे म्हणणे कोणालाही साधते, कारण संशयाच्या जागी निषेध करणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही. ‘हे चालेल’ असे म्हणणाऱ्यालाच सारे ग्रंथ, सारे पूर्वनिर्णय आणि प्रकरणातील प्रत्येक वस्तुस्थिती हस्तगत असावी लागते. म्हणून ज्याच्या विद्येची खोली मोजावयाची आहे त्याला बंदी घालावयास सांगू नये, वाट काढावयास सांगावे. १९७३ च्या युद्धात जे इस्रायली सैनिक परतले नाहीत आणि ज्यांची प्रेतेही सापडली नाहीत, त्यांच्या पत्नी धर्मशास्त्राच्या दृष्टीने ना सधवा ना विधवा अशा अवस्थेत अडकल्या असता, रब्बी ओवाडिया योसेफ यांनी एकेका सैनिकाची हकीकत, साक्षीदारांचे जबाब आणि रणांगणावरील परिस्थिती तपासून त्या स्त्रियांना पुनर्विवाहास मोकळे केले. बेने इस्रायलांविषयीची सूचनापत्रे ज्यांच्या कारकिर्दीत निघाली त्या प्रधान रब्बी इझाक निसिम यांच्या पाठोपाठ हेच योसेफ त्या पदावर आले होते. ग्रंथ तेच, पद तेच, दाखला त्याच दर्जाचा. फरक इतकाच की एकाने संशयाचा भार लोकांच्या शिरावर ठेवला आणि दुसऱ्याने तो आपल्या शिरावर घेतला.

आता कोकणाकडे वळू. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या काही जोडप्यांपासून आपला वंश वाढला अशी बेने इस्रायलांची परंपरा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्याकडे ग्रंथ उरले नव्हते, हिब्रू भाषा उरली नव्हती. उरली होती ती ‘शमा’ ही एकमेव प्रार्थना, जी ते जन्म, सुंता, विवाह आणि मृत्यू अशा सर्व प्रसंगी म्हणत. दाविद राहबी नावाचा एक विद्वान यहुदी त्यांच्यात आला, त्याने स्त्रियांपुढे नाना जातींचे मासे ठेवून शिजवावयास सांगितले, आणि त्यांनी खवले व पर नसलेले मासे बाजूस सारलेले पाहून ही माणसे आपली आहेत अशी त्याची खात्री पटली, अशी कथा सांगतात. राहबीच्या काळाविषयी परंपरा आणि संशोधक यांच्यात शतकांचे अंतर आहे. परंतु परीक्षा घेण्याची त्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे: त्याने कोणाचा दाखला मागितला नाही, कोणाच्या आजीची चौकशी केली नाही, तो चुलीपाशी गेला आणि आचार पाहिला. मग झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तीन तरुणांना त्याने विधी शिकविले, आणि तेच पुढे समाजाचे काझी झाले. गावोगाव फिरून सुंता करणे, लग्ने लावणे, तंटे मिटविणे ही कामे त्यांच्या वंशजांकडे वतनाप्रमाणे चालत राहिली.

वंशपरंपरेने धर्माधिकार चालावा हे मला तत्त्वतः मान्य नाही. बापाला येत असे म्हणून मुलालाही येते असे गृहीत धरणे ज्ञानाच्या क्षेत्रात घातुकच असते. तथापि पाठशाळा नाही, छापखाना नाही, शेकडो मैलांत गुरू नाही, अशा स्थितीत विद्या टिकविण्याचा दुसरा मार्ग त्या काझींना उपलब्ध नव्हता, आणि अधिक विद्या दारी आल्यावर समाजाने वतनाला चिकटून न बसता तिचे स्वागत केले, ही त्याच्या सुज्ञपणाची खूण आहे. कंपनी सरकारच्या पलटणीतील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर यांनी टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ मध्ये मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. ज्याला लोक जुनी मशीद म्हणू लागले आणि जिच्यावरून मशीद बंदर स्टेशनाला नाव पडले असे मानतात, ते हेच. त्यानंतर १८२६ च्या सुमारास कोचीनहून यहुदी शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता, पण बेने इस्रायलांनी विद्या घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. योसेफ यहेज्केल राजपूरकर, म्हणजे जुन्या काझी घराण्यांपैकी एका घराण्याचेच आडनाव धारण करणारा हा पुरुष, मुंबईत शाळामास्तर झाला, विद्यापीठाचा हिब्रूचा परीक्षक झाला, आणि त्याने एकामागून एक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. तो रब्बी नव्हता. ज्या स्त्रीपुरुषांना आपण काय म्हणत आहोत हे त्याच्यामुळे प्रथमच समजले, त्यांच्यासाठी रब्बीचे अर्धे कार्य त्याने केले होते.

प्रार्थनेत पुढे उभे राहणाऱ्याविषयी ‘शुल्हान आरूखा’त एक निर्णय आहे तो मला फार मोलाचा वाटतो. एकीकडे मधुर आवाजाचा, लोकांना हवासा वाटणारा, पण अडाणी वृद्ध असेल, आणि दुसरीकडे तेरा वर्षांचा मुलगा असेल ज्याचा आवाज गोड नाही परंतु जो म्हणतो त्याचा अर्थ जाणतो, तर त्या मुलाला अग्रमान द्यावा. लोकप्रियता आणि वय यांच्यावर अर्थज्ञानाने येथे मात केली आहे. पण याच परंपरेने दुसरीही गोष्ट सांगितली आहे: निवासमंडपाचे काम बसालेलवर सोपविताना देवाने आधी मोशेला आणि मग मोशेकरवी लोकांना, हा मनुष्य तुम्हांस पसंत आहे काय, असे विचारले, कारण लोकांना विचारल्यावाचून त्यांच्यावर अधिकारी नेमू नये. प्रत्यक्ष देवाने ज्याला निवडले त्याच्याबाबत जर लोकांची संमती घ्यावी लागते, तर परीक्षामंडळाने निवडलेल्याच्या बाबतीत ती न घेण्याची सबब कोणापाशी असणार? आमच्या कोकणातील आणि मुंबईतील प्रार्थनामंदिरांत मुकादम (प्रमुख), गबाई (खजिनदार), हझान (प्रार्थना चालविणारा) आणि शम्माश (सेवक) ही जी व्यवस्था चालत आली, तीत सभासदांच्या पसंतीला हे स्थान नेहमीच होते.

पात्रतेच्या या विचारात स्त्रीचा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. रेगिना योनास ही बर्लिनची तरुणी तेथील उदार मताच्या यहुदी विद्यालयात पुरुष उमेदवारांच्या बरोबरीने शिकली, स्त्रीला रब्बीपद धारण करता येईल काय या विषयावर १९३० मध्ये तिने शास्त्राधारेच प्रबंध लिहिला, आणि उत्तीर्ण होऊनही तिच्या हाती पडले ते शिक्षिकेचे प्रमाणपत्र. पाच वर्षांनी, १९३५ मध्ये, ऑफेनबाखच्या माक्स डीनेमान यांनी तिची परीक्षा घेऊन तिला रब्बीपदाचा दाखला दिला. नाझी राजवटीत अनेक रब्बी परागंदा झाले किंवा तुरुंगात गेले. योनास मागे राहिलेल्या वृद्धांत आणि रुग्णांत काम करीत राहिली, टेरेझीनच्या छावणीत नव्याने आणलेल्या भेदरलेल्या माणसांना धीर देत आणि व्याख्याने देत राहिली, आणि १९४४ मध्ये आउशविट्झ येथे मारली गेली. त्यानंतर अमेरिकेत सॅली प्रीसँड यांना १९७२ मध्ये दीक्षा मिळाली तेव्हा वृत्तपत्रांनी ही पहिलीच स्त्री असे लिहिले, इतके योनासचे नाव पुसले गेले होते. सनातन पंथाचा मुख्य प्रवाह आजही स्त्रीला हे पद देण्याविरुद्ध आहे, आणि त्यांची साक्ष व न्यायासनाविषयीची शास्त्रीय हरकत मी क्षुल्लक मानीत नाही; परंतु ज्या कार्यासाठी ज्ञान, सत्यनिष्ठा आणि लोकांचा विश्वास यांखेरीज काही लागत नाही, तेथे ते तिन्ही असलेल्या व्यक्तीला केवळ ती स्त्री आहे म्हणून बाहेर ठेवणे मला समर्थनीय वाटत नाही. आपल्याकडे डॉ. जेरुशा झिराड यांनी, ज्या कामा हॉस्पिटलमधील प्रसूतिशास्त्रज्ञ म्हणून मुंबईला परिचित होत्या, १९२५ मध्ये उदारमतवादी यहुदी संघ स्थापन केला तो कोणत्याही सनदेवाचून.

उपजीविकेविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. यहुदी शास्त्रकार मैमोनिदिस यांनी धर्मविद्येवर पोट भरण्याचा तीव्र निषेध केला, आणि तो केवळ पुस्तकी नव्हता: त्यांचा निर्वाह ज्या भावाच्या व्यापारावर चालत असे तो दाविद हिंदी महासागरात जहाज बुडून गेल्यावर त्यांनी वैद्यकी पत्करली, पण पंडित म्हणून वेतन घेतले नाही. पुढील शतकांनी हा आदर्श शिथिल केला आणि व्यवहारतः ते योग्यच झाले, कारण पूर्ण वेळ देणाऱ्याला पोट असतेच. एवढे मात्र खरे की ज्याचे वेतन एखाद्या सरकारी खात्यातून येते, त्याला ज्यांच्या घरच्या विवाहांचा तो निर्णय करतो त्यांची पसंती मिळविण्याची गरज भासत नाही. १९६२ च्या सूचनापत्रांत मला दिसते ती ही उणीव. ज्यांनी ती लिहिली ते अल्पज्ञ नव्हते. परंतु त्यांनी अलिबाग पाहिले नव्हते, मलिद्याच्या विधीत ताटाभोवती एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे नाव घेणाऱ्या आजींशी ते बोलले नव्हते, आणि एका समाजाच्या सोडचिठ्ठ्यांविषयी निर्णय करताना त्या समाजात सोडचिठ्ठ्या मुळात किती आणि कशा होत असत, हे त्याच समाजातील जाणत्यांना मानाने बोलावून विचारण्यापूर्वी त्यांनी चौकशीचा हुकूम काढला. धर्मनिर्णयात वस्तुस्थितीचे अज्ञान हे ग्रंथाच्या अज्ञानाइतकेच अपात्र ठरविणारे मानले पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी की कोणत्याही परीक्षामंडळाने अंतिम दाखला देण्यापूर्वी उमेदवाराला निदान एक वर्ष आपल्या कुळाच्या आणि आपल्या रीतिरिवाजांच्या बाहेरील एखाद्या मंडळीत राहावयास लावावे. तेथील आजाऱ्यांकडे, शोकाच्या घरी आणि भांडणाऱ्या दांपत्यांकडे त्याला जाऊ द्यावे. त्या वर्षात त्याने जे निर्णय दिले, त्यांतील ज्यांत त्याने निषेध केला त्यांची कारणे आणि ज्यांत वाट काढली त्यांचे आधार त्याच्याकडून लेखी मागवावेत. आणि ज्या दहा माणसांच्या प्रार्थनेत तो उभा राहत होता त्यांची साक्ष, त्याच्या गुरूंच्या स्वाक्षरीशेजारी, त्याच दाखल्यावर नोंदवावी. कोकणातील मंडळ्या आता लहान झाल्या आहेत, बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आहेत, आणि उरलेल्यांत हझानाचे काम नोकरीधंदा सांभाळून करणारे गृहस्थ करतात. अशा एखाद्या मंडळीत वर्षभर राहण्यास तयार असलेला तरुण रब्बी जर यरुशलेमहून आला, तर त्याला शिकवण्यासारखे तेथे पुष्कळ आहे, आणि त्याने शिकण्यासारखेही.